शरदात उगवणारे बी : मेंदूतला अपस्मार आणि नांदेड-लातूरची मधली वर्षे

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अपस्मारावर एक अध्याय आहे. झटका येतो, जातो आणि मधले दिवस माणूस अगदी धडधाकट असतो. मग त्या मधल्या दिवसांत रोग असतो कोठे? या अडचणीच्या प्रश्नाला ग्रंथाने शेतीतला दृष्टान्त देऊन उत्तर दिले आहे. पाऊस पडून गेला तरी काही बिया जमिनीत तशाच पडून राहतात आणि शरद ऋतू आला की मग उगवतात. शरीरातल्या दोषांचेही तसेच होते. नांदेड-लातूरच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरणाऱ्याला ही गोष्ट उलगडून सांगावी लागत नाही. पाऊस आणि पीक यांच्यामध्ये काळ असतो, हे त्याला ठाऊक असते.

आजचा धागा त्या मधल्या काळाविषयी आहे.

मित्रहो, इतिहासाच्या धाग्यात मेंदूचा आजार कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण हे की टेम्पोरल लोब एपिलेप्सी, म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूस असलेल्या मेंदूच्या खंडातून उठणारा अपस्मार, हा एका क्षणाचा आजार नव्हे. त्याला आरंभ असतो, मग अनेकदा शांततेची लांब वर्षे असतात, मग पहिला झटका, आणि त्यानंतर मेंदूत हळूहळू होत जाणारे बदल. ज्याला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध आहे असा हा आजार आहे. माणसाला त्याचा हा काळ ओळखायला दीड शतक लागले, आणि मराठवाड्यातल्या रुग्णांची त्या दीड शतकात काय वाट झाली, हेही पाहण्यासारखे आहे.

प्रथम हा झटका दिसतो कसा ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. फेफरे म्हटले की आपल्यासमोर एकच चित्र येते: माणूस कोसळतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो, भोवती गर्दी जमते, कोणी चप्पल हुंगवतो तर कोणी कांदा फोडतो. टेम्पोरल लोबचा झटका बहुतेक वेळा असा नसतोच. पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखे वाटते. एकाएकी कारणाविना भीती दाटते. जळक्या रबरासारखा वास येतो, आणि तो दुसऱ्या कोणालाही येत नाही. जे घडते आहे ते पूर्वी जसेच्या तसे घडून गेले आहे, अशी खात्री पटते. मग नजर स्थिर होते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हाताची बोटे लुगड्याचा पदर किंवा सदऱ्याचे बटण चाचपत राहतात. एक-दोन मिनिटांत हे सरते. माणूस भानावर येतो, पण मधले त्याला काही आठवत नाही. तो पडलेला नसतो, म्हणून घरचे त्याला फेफरे म्हणत नाहीत.

मराठीत या रोगाला नावांची वाण नाही. फेफरे, घुरे, आकडी, मिरगी, फिट. यांपैकी ‘मिरगी’ हा शब्द मराठवाड्यात दखनी-हिंदीच्या शेजारामुळे विशेष चालतो. परंतु ही सारी नावे पडणाऱ्या माणसाची आहेत. बसल्या जागी हरवणाऱ्याला नावच नव्हते. आणि ज्याला नाव नसते त्याला गाव उसने नाव देते: वारे लागले, बाहेरचे झाले, कोणी केले. मग वाट दवाखान्याकडे न वळता दुसरीकडे वळते. ‘बाधा’ उतरवण्यासाठी मराठवाड्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गाणगापूरची वारी करीत आले आहेत. लातूर, नांदेड आणि पलीकडचा बीदर या पट्ट्यात तर भानामतीची दहशत मोठी. भानामतीच्या प्रकरणांत ताणाने आणि घुसमटीने घडणारे प्रकारच अधिक असतात. तिथे सरसकट अपस्माराचे निदान करणे चूक ठरेल. परंतु उलट दिशेची चूक अधिक महाग पडते. खरोखर मेंदूतून उठणारा झटका ‘बाहेरचे’ समजला गेला, तर पाच-दहा वर्षे सहज निघून जातात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याच पट्ट्यात भानामतीविरोधी प्रबोधन केले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, राज्याने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरला.

आपल्या जुन्या वैद्यांना मात्र या रोगाच्या काळाची जाणीव होती, असे चरकसंहिता वाचताना वाटते. तेथे वेग पंधरवड्याने, बारा दिवसांनी किंवा महिन्याने येतात असे निरीक्षण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असाध्य अपस्मारांच्या वर्णनात एक छोटासा शब्द आला आहे: ‘अनव’. नव नसलेला, जुनाट. रोग जुना झाला की हाताबाहेर जातो, एवढे त्या वैद्यांनी रुग्ण पाहून ओळखले होते. का जातो, हे सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. आधुनिक विज्ञान सारे आपल्या ग्रंथांत आधीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. पण ‘अनव’ हा शब्द निदानाच्या वहीत लिहिणारा माणूस चांगला निरीक्षक होता, एवढे खास.

आता लंडनला जाऊ. तिथे १८७० मध्ये एका तरुणाने ‘क्वेरेन्स’ या टोपणनावाने वैद्यकीय मासिकात पत्र लिहिले आणि स्वतःला येणाऱ्या चमत्कारिक ‘आठवणीं’चे वर्णन केले. हा तरुण पुढे डॉक्टर झाला. जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या मज्जाविकारतज्ज्ञाने १८८८ मध्ये त्याची हकिगत ‘डॉ. झेड’ अशा आडनावाविना छापली. त्यातला एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात गाजला. डॉ. झेड एका रुग्णाला तपासत होते, तेवढ्यात त्यांना झटक्याची चाहूल लागली. भानावर आले तेव्हा ते मेजाशी बसलेले होते आणि रुग्ण खोलीत नव्हता. समोर त्यांच्याच हस्ताक्षरात निदान लिहिलेले: डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. तपासल्याचे, लिहिल्याचे काहीही आठवत नव्हते. त्यांनी रुग्णाला पुन्हा गाठून तपासले; निदान बरोबर होते.

हे डॉ. झेड म्हणजे आर्थर थॉमस मायर्स, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी शोधून काढले. योगायोग असा की त्यांचे बंधू फ्रेडरिक मायर्स हे परलोकविद्येच्या शास्त्रीय अभ्यासासाठी स्थापन झालेल्या प्रसिद्ध संस्थेचे एक संस्थापक होते. म्हणजे एकाच घरात एक भाऊ आत्म्यांचा शोध घेत होता आणि दुसऱ्याला रोजच्या रोज ‘झपाटल्या’चा अनुभव येत होता; मात्र त्या दुसऱ्याने आपल्या अनुभवाचे उत्तर मेंदूत शोधले. १८९४ मध्ये ते वारले. जॅक्सन यांनी शवविच्छेदन करवले आणि १८९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: टेम्पोरल लोबच्या आतल्या टोकाला, डाव्या बाजूस, एक चिमुकली पोकळी. एवढ्याशा जागेने माणसाचे आयुष्य व्यापले होते.

या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या भराभर सांगतो. विल्हेल्म सोमर या जर्मन वैद्याने १८८० मध्ये अपस्माराच्या ९० रुग्णांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र केल्या आणि हिप्पोकॅम्पस या, टेम्पोरल लोबच्या पोटात दडलेल्या, शिंपल्यासारख्या वळलेल्या भागातल्या एका ठरावीक पट्ट्यात पेशी मेलेल्या आढळतात असे दाखवले. तो पट्टा आजही सोमरच्या नावाने ओळखला जातो. दुसरे, १८८१ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी लंडनमध्ये अपस्मारावरचा आपला ग्रंथ काढला आणि त्यात एक भेदक मत मांडले: प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सोपी करून जातो.

येथे वादाला तोंड फुटले, आणि तो वाद शंभर वर्षे चालला. हिप्पोकॅम्पसच्या पेशी मेल्या म्हणून झटके येतात, की झटके येतात म्हणून पेशी मरतात? कारण कोणते आणि परिणाम कोणता? इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा पेच परिचयाचा आहे. साम्राज्य दुबळे झाले म्हणून बंडे झाली, की बंडांनी साम्राज्य दुबळे केले, याचे उत्तर जसे कालक्रम लावल्याशिवाय मिळत नाही, तसेच इथेही झाले. मृत माणसाचा मेंदू ही एकच शेवटची तारीख असते. त्यावरून आधीचा क्रम लावता येत नाही.

क्रम लावला तो शल्यचिकित्सकांनी. मेंदूतली वीज कवटीवरून टिपता येते हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि त्यामुळे झटका कोणत्या बाजूने उठतो हे जिवंत माणसात कळू लागले. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रिया करू लागले. लंडनला मरे फाल्कनर यांनी १९५०च्या दशकात एक वेगळी पद्धत रूढ केली. रोगट टेम्पोरल लोब तुकड्यातुकड्याने शोषून काढण्याऐवजी ते तो अखंड काढत आणि विकृतिशास्त्रज्ञाकडे सोपवत. वरकरणी ही केवळ तंत्राची बाब, पण तिच्यामुळे पहिल्यांदाच जिवंत, पुढे बोलत्याचालत्या राहिलेल्या माणसाच्या मेंदूचा तुकडा आणि त्याची जन्मापासूनची हकिगत शेजारी शेजारी ठेवता आली. आणि हकिगतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली. ज्यांचा हिप्पोकॅम्पस कडक, आक्रसलेला निघाला, त्यांच्यापैकी अनेकांना तान्हेपणी किंवा दोन-तीन वर्षांचे असताना तापात लांबलेली आकडी येऊन गेली होती.

तापातली आकडी आणि पहिला खरा झटका यांच्यामध्ये किती अंतर? कधी पाच वर्षे, कधी दहा, कधी त्याहूनही अधिक. मूल शाळेत जाते, पाढे म्हणते, सुगीत रानात जाते. आतमध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र काही चाललेले असते. सुश्रुतातले ते बी!

(आईवडिलांनी घाबरू नये म्हणून इथेच सांगून टाकतो: तापात एखाद-दोन मिनिटे आकडी आलेली बहुसंख्य मुले पुढे पूर्ण निरोगी राहतात. धोका असतो तो अर्धा तास किंवा अधिक लांबलेल्या आकडीत. अशा मुलांचे एमआरआय काढून अमेरिकेत जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात साधारण दहातल्या एकाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये लगेचच सूज दिसली, आणि पुढच्या तपासणीत त्यांतल्या बऱ्याच जणांत तो भाग आक्रसलेला आढळला. म्हणून पाच मिनिटांवर गेलेली आकडी ही दवाखान्याची निकड आहे, वाट पाहण्याची गोष्ट नव्हे.)

त्या मधल्या वर्षांत आत काय घडते, याचा पहिला धागा अपघाताने हाती आला. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम गोडार्ड उंदरांच्या शिकण्याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी ते उंदराच्या मेंदूत, टेम्पोरल लोबजवळच्या एका केंद्राला, दिवसातून एकदा अगदी सौम्य वीज देत. एवढ्या विजेने पहिल्या दिवशी काहीच होत नसे. दुसऱ्या, पाचव्या दिवशीही नाही. पण काही दिवसांनी त्याच, तेवढ्याच सौम्य विजेने उंदराला झटका येऊ लागला, आणि त्यानंतर वीज महिनोन्‌महिने बंद ठेवली तरी ती सवय मेंदूतून गेली नाही. हे त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. या क्रियेला त्यांनी दिलेले इंग्रजी नाव चुलीशी जुळणारे आहे: ओंडका एका काडीने पेटत नाही, चिपाडे आणि काटक्या घालून तो हळूहळू चेतवावा लागतो. गॉवर्सचे १८८१ मधले मत आता प्रयोगशाळेत उभे राहिले होते. माकडांत हे चेतणे उंदरांपेक्षा पुष्कळच सावकाश होते. माणसात ते याच रीतीने होते का, यावर आजही तज्ज्ञांत एकमत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र माणसाच्या मेंदूनेही साक्ष दिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसचे तुकडे तपासताना असे दिसले की तिथल्या काही पेशींचे तंतू आपली नेहमीची वाट सोडून मागे वळले आहेत आणि आपल्याच शेजारपाजारच्या पेशींना जाऊन चिकटले आहेत. पलीकडच्या पेशी मेल्या, जोडायला कोणी उरले नाही, म्हणून त्यांनी आपसांतच गाठी मारल्या. निरोप पुढे जाण्याऐवजी गोल फिरू लागतो. पाटाचे पाणी पुढच्या वाफ्यात न जाता पुन्हा त्याच वाफ्यात वळत राहिले तर काय होते, हे डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पेशी मरतात, दुसऱ्या बाजूला नव्या, चुकीच्या जोडण्या तयार होतात, पेशींचे थर विस्कटतात, आधार देणाऱ्या पेशींची दाटी होऊन तो भाग कडक बनतो. हा ऱ्हासही आहे आणि ही रचनाही आहे. मेंदू दुरुस्ती करतो, पण दुरुस्तीच नव्या बिघाडाचे घर होते.

एमआरआय आल्यावर जिवंत माणसाचा मेंदू वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागला, आणि जुन्या वादाचा बराच निकाल लागला. उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. आरंभीची इजा हिप्पोकॅम्पसला लागते, त्यातून झटके सुरू होतात, आणि औषधांना न जुमानणारे झटके चालू राहिले तर अनेक रुग्णांत हिप्पोकॅम्पस आणखी आक्रसतो. एवढेच नव्हे, तर त्याच्याशी जोडलेला मेंदूचा वरचा थरही वयामानापेक्षा अधिक वेगाने पातळ होत जातो. स्मरणशक्ती, शब्द आठवणे, मनाची उभारी यांवर त्याची किंमत दिसते. प्रत्येकात असे होतेच असे नाही. पुष्कळांचे झटके एका औषधावर थांबतात आणि मेंदू वर्षानुवर्षे आहे तसाच राहतो. २०२० मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवले की योग्य रुग्णात शस्त्रक्रिया केली, तर पुढे चाललेले ते पातळ होणे थांबते. म्हणजे काळ थांबवता येतो. गेलेला परत मात्र आणता येत नाही.

आता या कालरेषेला आपल्या भागाची कालरेषा जोडू.

भारतात अपस्मारासाठी पहिली मेंदूची शस्त्रक्रिया ऑगस्ट १९५२ मध्ये वेल्लोरला झाली. करणारे डॉ. जेकब चांडी, ते माँट्रियलला पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्या वर्षी नांदेड हैदराबाद राज्यातला जिल्हा होता, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. निजामाच्या राजवटीतून सुटून चारच वर्षे झाली होती. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते १९५६ मध्ये औरंगाबादेत निघाले, त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. अंबाजोगाईचे महाविद्यालय १९७०च्या दशकात, नांदेडचे १९८८ मध्ये, आणि लातूरचे सरकारी महाविद्यालय २००२ मध्ये. वेल्लोरची ती पहिली शस्त्रक्रिया आणि लातूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात बरोबर ५० वर्षांचे अंतर आहे.

दरम्यान रुग्ण जात होते ते रेल्वेच्या रुळांनी नेमून दिलेल्या दिशांना. नांदेड मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर, म्हणून नांदेडकराचे मोठे इस्पितळ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. लातूरला बार्शी लाइटची नॅरोगेज. ती कुर्डुवाडी, पंढरपूर करीत मिरजेपर्यंत जाई, आणि मिरजेला मिशनचे नामांकित इस्पितळ होते. लातूरला ब्रॉडगेज यायला २००७-०८ साल उजाडले. रोगाचा भूगोल रोगी ठरवत नाही, गेज ठरवतो, असे मी एकदा गमतीने म्हटले होते. आकडे जुळवताना त्यातली गंमत कमी होत गेली.

औषधांची गोष्ट तुलनेने बरी. फेनोबार्बिटल १९१२ मध्ये अपस्मारावर लागू पडते असे कळले, फेनिटॉइन १९३८ मध्ये, आणि कार्बामाझेपिन १९६०च्या दशकात वापरात आले. ही तिन्ही आजही स्वस्त आहेत. अडचण गोळीच्या किमतीपेक्षा तिच्यापर्यंत पोहोचण्याची आणि ती न चुकता वर्षानुवर्षे चालू ठेवण्याची होती. पेरणी आली, हातात पैसा नाही, सहा महिने झटका नाही, म्हणून गोळी बंद. मग झटका, मग पुन्हा देवऋषी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एडी भरुचा यांनी १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी केली, ती याच अज्ञानाशी लढण्यासाठी.

परंतु रुग्णाला लपायला लावणारी सर्वांत मोठी गोष्ट चुलीपाशी किंवा मंदिरात नव्हती. ती कायद्याच्या पुस्तकात होती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६च्या दुरुस्तीने तो घातला: ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येतात, अशी व्यक्ती विवाहास पात्र नाही. वेड आणि अपस्मार एका दमात! विशेष विवाह कायद्यातही हेच आले. ध्यानात घ्या, जॅक्सन यांनी डॉ. झेडच्या मेंदूतली ती पोकळी दाखवून तेव्हा ७८ वर्षे झाली होती. अपस्मार मेंदूच्या ठरावीक जागेचा विकार आहे, याविषयी शास्त्रात शंका उरली नव्हती. तरीही संसदेने तो वेडाच्या शेजारी बसवला, आणि तो तिथे २३ वर्षे बसून राहिला.

या २३ वर्षांचा परिणाम आकड्यांत मांडता येणार नाही, पण समजून घेता येतो. ज्या घरात मुलीला बसल्या बसल्या हरवल्यासारखे होते, ते घर तिला कोणाकडे नेईल? दवाखान्याच्या कागदावर ‘एपिलेप्सी’ लिहिले गेले की तो कागद उद्या कोर्टात पुरावा होऊ शकतो. म्हणून कागदच होऊ द्यायचा नाही. लग्न झाले तर गोळ्या माहेरच्या पिशवीत लपवून न्यायच्या, आणि लपवता येईना झाल्या की बंद करायच्या. बंद केलेली गोळी, वाढलेले झटके, आक्रसत जाणारा हिप्पोकॅम्पस: ही साखळी दिल्लीतल्या एका वाक्यापासून सुरू होऊन उदगीर किंवा देगलूरच्या एखाद्या माजघरात संपत असे. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने दीर्घ पाठपुरावा केला आणि १९९९च्या अखेरीस दुरुस्ती होऊन दोन्ही कायद्यांतून ‘अपस्मार’ हा शब्द गेला. सोयरिकीच्या बैठकीतून तो अजून गेलेला नाही, हे आपण सारे जाणतो.

त्यानंतरची वाटचाल वेगवान आहे. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रिया नियमित होऊ लागल्या. २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीने शंकेला जागा ठेवली नाही: शस्त्रक्रियेच्या गटात वर्षअखेर ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटात ८ टक्के. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर रुग्णाला शस्त्रक्रियेच्या केंद्राकडे पाठवावे, हा आता जगभरचा संकेत आहे. आणि तरीही पुढारलेल्या देशांतसुद्धा पहिला झटका आणि शस्त्रक्रिया यांत २० वर्षांच्या आसपास काळ गेलेला आढळतो. तेव्हा नांदेड-लातूरलाच मागास म्हणून बोट दाखवण्याचे कारण नाही. आज या दोन्ही शहरांत एमआरआय आहे, मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. लातूरहून दिवसभर व्हिडिओ आणि ईईजी एकत्र घेणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचायला मात्र अजून पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते.

शेवटी एक काम, जे इतिहासाची आवड असलेल्यांनाच चांगले जमेल. अशा रुग्णाच्या निदानात डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतात तो असा: लहानपणी तापात आकडी आली होती का, केव्हा, आणि किती वेळ चालली? याचे उत्तर कोणत्याही यंत्रात नसते. ते आजीपाशी, आत्यापाशी, जुन्या शेजारणीपाशी असते, आणि तारखेने नव्हे तर खुणेने असते. आजी म्हणते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा हा कडेवर होता. काकू म्हणतात, किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, त्या हिवाळ्यात. ‘किती वेळ?’ याला उत्तर मिळते, ‘गाडी जुंपून तालुक्याला पोहोचेपर्यंत.’ १९७२ आणि सप्टेंबर १९९३ आपल्याला ठाऊक आहेत. गाव ते तालुका बैलगाडीने किती वेळ लागे, हेही काढता येते. मौखिक इतिहासाची साधने वापरून एवढी एक नोंद कागदावर उतरवली, वर झटक्याचा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ जोडला, आणि ती रुग्णाच्या फायलीत लावली, तर तज्ज्ञाला जे हवे असते त्यातले अर्धे त्याच्या हाती पडते. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी असेल, तर आजीला या दिवाळीतच विचारा. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. तिचीही स्मृती त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये साठवली गेली होती.